ठकीपुढे ‘वगैरे’ चालत नाही

मित्रांनो, बडोद्याच्या अकोटा भागातल्या एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर, संगणकाच्या पडद्याशेजारी एक लाल-पिवळी लाकडी बाहुली बसलेली असते. तिच्या नाकाचा रंग उडाला आहे आणि पदराचा एक टवका गेला आहे. ती बाहुली म्हणजे मी. मला ठकी म्हणतात. मला चालता येत नाही, बोलता येत नाही, डोळेही मिटता येत नाहीत. समोरचा माणूस बोलत असताना गप्प बसायचं, एवढं एकच काम मी आयुष्यभर केलं. हे काम सोपं वाटत असेल तर घरी एकदा करून बघा.

माझा जन्म संखेड्याचा. तिथले लाल-सोनेरी पाळणे आणि झोपाळे बडोद्यातल्या घराघरांत असतात. तिथल्या एका खरादीकाकांनी, म्हणजे लाकूड गरगर फिरवून त्याला आकार देणाऱ्या कारागिराने, पाळण्याच्या पायासाठी घेतलेल्या आणि आखूड पडलेल्या तुकड्यातून मला घडवलं. त्यांनी ठकी कधी केली नव्हती. मला करून घ्यायला आलेल्या वसंतरावांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. असा पदर, असा अंबाडा, आणि इथं कानात कुड्या. काकांनी त्या गोल कुड्यांनाच कान समजून मला दोन मोठाले कान लावले. वसंतराव हसू लागले तेव्हा काका म्हणाले, “ढींगलीने कान तो जोईए ज ने!” बाहुलीला कान हवेतच की. मग त्यांनी मला लाखेचा रंग चढवला, केवड्याच्या पानाने घासून चमक आणली, आणि मी बडोद्याला आले.

वसंतरावांनी मला आणलं ते त्यांच्या मुलीसाठी, मोहनासाठी. माझी पहिली काही वर्षं भातुकलीत गेली. चुरमुऱ्यांचा भात, गुळाची पोळी, माझं लग्न, माझं पुन्हा लग्न. मोहना शाळेत रमली आणि मी पुस्तकांच्या फळीवर जाऊन बसले. माझं काम संपलं, असं मला वाटलं होतं. खरं काम तर पुढेच होतं.

वसंतराव बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत संगणक विभागात होते. तेव्हाचा संगणक म्हणजे गार हवेच्या खोलीत ठेवलेलं मोठं धूड. संगणकाला करायच्या कामाची एकेक पायरी भोकं पाडलेल्या कार्डांवर लिहून गठ्ठा आत द्यायचा आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. त्या पायऱ्यांनाच प्रोग्राम म्हणतात. त्यात एक स्वल्पविराम चुकला तरी सगळा दिवस वाया जाई. म्हणून वसंतराव आणि त्यांचे सोबती दत्ताजीराव यांनी एक रीत ठेवली होती. गठ्ठा आत देण्याआधी, चहाच्या वेळी, एकाने दुसऱ्याला आपला प्रोग्राम तोंडी समजावून सांगायचा. ऐकणाऱ्याने फक्त ऐकायचं, आणि कळलं नाही तिथे म्हणायचं, “थांबा, हे कसं?” बहुतेक वेळा सांगणाऱ्यालाच बोलता बोलता चूक सापडे आणि कप तसाच टाकून तो आत पळे.

दत्ताजीराव निवृत्त होऊन साताऱ्याला गेले. वसंतरावांना ऐकणारं कुणी उरलं नाही. विभागातली नवी मुलं म्हणत, “साहेब, टाइम नथी.” एका रविवारी एक चूक काही केल्या सापडेना, तेव्हा वसंतरावांनी फळीवरून मला उचललं, समोर बसवलं आणि म्हणाले, “ठके, आता तू दत्ताजीराव.”

अर्ध्या वाटेतच त्यांनी कपाळावर हात मारला. चूक सापडली होती.

स्वयंपाकघरातून निरुपमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारलं, “अहो, कुणाशी बोलताय एवढं?”

“ठकीशी.”

“आणि ती काय म्हणते?”

“ती काहीच म्हणत नाही. म्हणून तर कामं होतात.”

“अच्छा! म्हणजे आमचं म्हणणं आडवं येतं होय?”

त्या दिवसापासून मी टेबलावर आले ती कायमची. वसंतरावांनी माझ्यासाठी नियम केले. ठकीला मराठीच कळतं, म्हणून तिला सगळं मराठीत सांगायचं. लूप म्हणायचं नाही, फेरी म्हणायचं; फेरी कुठून सुरू होते, कुठे थांबते, थांबलीच नाही तर काय होईल, तेही सांगायचं. “इंग्रजी शब्द टाकला की न समजलेलंही समजल्यासारखं वाटतं,” असं ते म्हणत. दुसरा नियम याहून कडक होता. ठकीपुढे ‘वगैरे’ चालत नाही. चूक नेहमी ‘वगैरे’च्या मागे लपलेली असते.

ऑफिसात ही गोष्ट पसरली. लोक चिडवत, “वसंतराव अजून बाहुली खेळतात.” पण नव्याने लागलेली एक मुलगी तिच्या न चालणाऱ्या प्रोग्रामचे कागद घेऊन घरी आली, लाजत लाजत माझ्यासमोर बसली आणि जाताना माझ्या अंबाड्यात जाईचं फूल खोवून गेली. मित्रांनो, माझा सत्कार झाला तो तेवढाच. मला तो पुष्कळ वाटला.

निवृत्तीनंतर वसंतरावांनी आमच्या भागातल्या मराठी मंडळाचं एक काम अंगावर घेतलं. मंडळ दर कोजागिरीला ऐंशी पूर्ण केलेल्या सभासदांचा सहस्रचंद्रदर्शनाचा सत्कार करतं. शाल, श्रीफळ, दिव्यांनी ओवाळणं, मग मसाल्याचं दूध. वय तिथीने मोजायचं. पूर्वी यावरून भांडणं होत. अध्यक्षांच्या सासूबाई आधी की कुणाचे काका आधी, यावरून दोन घरं वर्षभर बोलत नव्हती. वसंतराव म्हणाले, “मी प्रोग्राम लिहितो. तो सांगेल त्याचा सत्कार. ओळखीने नाव घुसवायचं नाही.” आणि खरोखर भांडणं थांबली.

तो प्रोग्राम त्यांनी मला समजावून सांगितला तो दिवस माझ्या अजून लक्षात आहे. दुपार होती, झोपाळा कुरकुरत होता.

“ठके, नीट ऐक. आपली मंडळी जुन्या संस्थानातली. कुणी जन्माचं वर्ष आपल्या शकाचं सांगतं, कुणाच्या घरी ते गुजराती संवताचं लिहिलेलं असतं. संवताच्या वर्षातून ठराविक आकडा वजा केला की आपलं वर्ष मिळतं. पण इथे एक खड्डा आहे. गुजराती वर्ष बदलतं दिवाळी झाल्यावर. आपलं बदलतं गुढीपाडव्याला. म्हणजे दिवाळीनंतर ते एक पाऊल पुढे जातं आणि आपलं पाडव्यापर्यंत आहे तिथेच बसून राहतं. म्हणून त्या मधल्या महिन्यांत जन्मलेल्यांचं एक जास्त वजा करायचं. दिवाळी ते पाडवा, एक जास्त वजा. समजलं?”

मला समजलं. लाकडावर एकदा कोरलेलं पुसत नाही.

पुढे कित्येक कोजागिऱ्या गेल्या. मग एका वर्षी जुना संगणक बंद पडला. सुरतेला राहणाऱ्या मोहनाने नवा पाठवला. वसंतरावांनी जुन्या, अक्षरं पुसट झालेल्या छापील कागदावरून प्रोग्राम पुन्हा टाइप करायला घेतला. सवयीप्रमाणे प्रत्येक ओळ टाइप करायच्या आधी ते ती मला सांगत होते. जन्मतिथी घेतली. शके की संवत ते विचारलं. संवत असेल तर ठराविक आकडा वजा केला. मी पुढच्या ओळीची वाट पाहत होते. वसंतराव जरा थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. मग कपाळ चोळून म्हणाले, “आणि मग... वगैरे. चला, पुढे.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत ते माझ्यापुढे तो शब्द पहिल्यांदा बोलले.

घरात कुणाला काही कळलं नाही. त्या संध्याकाळी निरुपमाबाईंनी शेव-उसळ केली होती, वसंतराव चवीने जेवले, हसले, बोलले. चष्मा फ्रिजमध्ये सापडायला अजून खूप अवकाश होता. बँकेतून घरी येताना वाट चुकायलाही. त्यांच्या मनातून पहिली ओळ गळाली ती माझ्यासमोर, आणि ते मला सांगता येत नव्हतं. एखाद्याला ठेच लागणार हे दिसत असावं आणि हाक मारता येऊ नये, तसं माझं झालं.

यथावकाश सगळ्यांना कळलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मोहनाची मुलगी इरा बडोद्यातल्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायच्या कामाला लागली होती. ती आजी-आजोबांकडे राहायला आली. घरूनच काम करायची. सुरतेत वाढलेली, तोंडात मराठी, गुजराती, इंग्रजी यांची मिसळ. मुलगी गुणी. पण तिला ठकीची गरज नव्हती. तिच्या संगणकातच एक मदतनीस होता. तिने प्रश्न लिहिला की तो क्षणात उत्तर लिहायचा. टेबल छोटं होतं. एके दिवशी तिने मला उचलून खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या वायरींच्या गुंडाळ्यांवर ठेवलं. रागाने नव्हे हो. जागा हवी म्हणून.

ड्रॉवरमध्ये अंधार असतो, पण आवाज येतो. भाद्रपदातल्या एका दुपारी मला मोहनाचा आवाज आला, फोनमधून. वसंतराव आत झोपले होते.

“इरा, डॉक्टरांशी बोलले मी. ते म्हणाले, यंदा आहे ते आहे. पुढच्या कोजागिरीला बाबा आईला ओळखतील की नाही, सांगता येत नाही.”

“पण आजीचा सत्कार यंदाच आहे ने?”

“असायला हवा. बाबा दोन वर्षांपासून घोकतायत. स्टेजवर मी तिला शाल घालणार, मी घालणार. तेवढं होऊ दे गं.”

त्याच आठवड्यात मंडळाचा सचिव हेरंब यादी न्यायला आला. वसंतरावांनी प्रोग्राम चालवला, कागद छापला आणि निरुपमाबाईंनी तो मोठ्याने वाचला.

“अहो, यात शालूचं नाव आहे आणि माझं नाही!”

शालू म्हणजे त्यांची मावसबहीण शालिनी.

“मग? तिची झाली असेल ऐंशी,” वसंतराव म्हणाले.

“आणि माझी? ती श्रावणातली, मी त्याच्या आधीच्या माघातली. दोघींचं संवत एकच. पेटलादला आमच्या वडिलांनी एकाच वहीत लिहिलं होतं. आई म्हणायची, तू रांगायला लागलीस तेव्हा शालू झाली. आता शालू माझ्याहून थोरली ठरली! तिला कळलं तर मला नावाने हाक मारेल ती.”

हेरंब हसला. “काकू, टेन्शन नका घेऊ. छापायला द्यायला अजून आठ दिवस आहेत. तुमचं नाव मी हातानं लिहून टाकतो. कोण विचारतंय?”

“मी विचारतोय,” वसंतराव एकदम ताठ आवाजात म्हणाले. “ओळखीने नाव घुसवायचं नाही. अध्यक्षांच्या सासूबाईंना नाही म्हटलंय मी. प्रोग्राम म्हणतो पुढच्या वर्षी, तर पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षी या शब्दांचा अर्थ तिथे एकट्या त्यांनाच माहीत नव्हता. की होता? कारण थोड्या वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, “नाहीतर प्रोग्राम चुकलाय. म्हणजे मी चुकलोय. मी बघतो.”

हेरंब दारात इराला कुजबुजला, “काकांना न सांगता घालू का?” उत्तर निरुपमाबाईंनी दिलं. “नको रे. त्यांच्या पाठीमागे घेतलेली शाल माझ्या खांद्यावर राहायची नाही.”

इराने आजोबांचा प्रोग्राम आपल्या संगणकातल्या मदतनिसाला दाखवला. त्याने तो तपासला, नीटनेटका केला, दोन ठिकाणी सुधारला. उत्तर तेच आलं. त्याचं तरी काय चुकलं? पेटलादची वही, माघातली आजी आणि श्रावणातली शालूआजी यांतलं काहीच कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

आणि मग वसंतरावांनी विचारलं, “माझी ठकी कुठाय?”

ड्रॉवर उघडला. उजेड आला. इराने माझ्यावरची धूळ ओढणीने पुसली. ती जरा ओशाळली होती.

त्यानंतर रोज दुपारी वसंतराव माझ्यासमोर बसत. “ठके, जन्मतिथी घेतली. शके की संवत ते विचारलं. संवत असेल तर आकडा वजा केला. आणि मग...” रोज त्याच जागी त्यांचा आवाज अडखळे. समोर खड्डा आहे हे पायाला कळावं आणि डोळ्यांना दिसू नये, तसं. ते पुन्हा सुरुवात करत. मी माझे रंगवलेले डोळे त्यांच्यावर रोखून मनात ओरडत असे, दिवाळी ते पाडवा! दिवाळी ते पाडवा! लाकूड ओरडलं तर फार तर तडकतं. माझ्या पाठीवर एक बारीक चीर आहे, ती त्याच दिवसांतली.

यादी द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी ते मध्येच उठले आणि झोपाळ्यावर जाऊन बसले.

“मला नाही जमत, इरा. माझं डोकं चाळणी झालंय. आता तू सांग तिला.”

“मी? आजोबा, मी डॉलशी बोलू?”

“डॉल नव्हे. ठकी. मराठीत सांगायचं. आणि वगैरे नाही म्हणायचं.”

इराने मला उचलून समोर धरलं. तिला हसू येत होतं आणि रडूही. “ओके. म्हणजे... ठीक. ठके, ऐक. आजीचा जन्म माघातला. शालूआजीचा श्रावणातला. दोघींचं संवत सेम. म्हणजे, एकच. दोघींच्या वर्षातून तोच आकडा वजा केला. मग आपलं वर्षही एकच आलं. बरोबर. आता त्या वर्षात कोण आधी? पहिला महिना कारतक. मग मागशर, पोष, महा. म्हणजे माघ. आजी आली. मग फागण, चैत्र... पुढे श्रावण. शालूआजी आली. आजीच मोठी! मग हा प्रोग्राम उलटं का सांगतो?”

“मी तेच सांगतेय ने कधीची,” स्वयंपाकघरातून निरुपमाबाई म्हणाल्या. “पण तू कुठलं वर्ष मोजतेस गं? कारतकापासून? ते बेसतं वर्ष, गुजराती. आपलं वर्ष चैत्रापासून, गुढीपाडव्यापासून.”

“हो, पण सेमच... थांब.” मला धरलेला तिचा हात घट्ट झाला. “थांब, थांब. चैत्रापासून मोजलं तर श्रावण आधी येतो. आणि माघ एकदम शेवटी. म्हणजे शालूआजी आधी, तू नंतर. प्रोग्राम तेच तर सांगतोय. पण तू आधी आहेस. म्हणजे आपलं वर्ष दोघींचं एक असूच शकत नाही. तुझं एकाने मागचं पाहिजे. पण का? कुणाचं मागचं धरायचं आणि कुणाचं नाही?”

झोपाळ्याचं कुरकुरणं थांबलं.

“दिवाळी ते पाडवा,” वसंतराव म्हणाले. “एक जास्त वजा.”

त्यांचा आवाज जुना होता. खणखणीत, मला ठाऊक असलेला. ते कुठे तरी लांब, भिंतीपलीकडे पाहत होते. मग त्यांनी इराकडे पाहिलं. “हे मी लिहिलं होतं ना? मी लिहिलं होतं हे. कुठे गेलं?”

“गळालं होतं, आजोबा.”

“माझ्याकडून गळालं?”

इराने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “कागद पुसट होता ने जुना,” ती म्हणाली. “तिथलं अक्षर उडालं असेल.” आणि तिने ती ओळ टाइप केली. प्रोग्राम पुन्हा चालवला. छापील कागदावर दोन नावं आली. वर सौ. निरुपमा, खाली शालिनी. निरुपमाबाई पदराला हात पुसत आल्या, कागद वाचला आणि म्हणाल्या, “आता हाक मारून बघ म्हणावं नावानं!” वसंतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

कोजागिरीला मला कुणी नेलं नाही. त्या दिवशीची हकीकत मला दुसऱ्या दिवशी सकाळी निरुपमाबाईंनी सांगितली. आयुष्यभर त्या मला हसल्या, माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. त्या सकाळी घरात कुणी उठायच्या आत त्या खुर्चीवर येऊन बसल्या, फडक्याने माझं तोंड पुसलं आणि बोलू लागल्या. ओळीने, काही न गाळता.

“ठके, हे स्टेजवर आले. शाल हातात. हेरंबने सहज माईक पुढे केला, दोन शब्द बोला म्हणून. तर यांनी प्रोग्रामच सांगायला घेतला. जन्मतिथी घेतली, शके की संवत ते विचारलं... लोक चुळबुळ करायला लागले. खाली दूध गार होत होतं. हेरंब मागून सदरा ओढत होता. मी म्हटलं, ओढू नकोस रे, बोलू दे. सगळं बोलले. दिवाळी ते पाडवासुद्धा. एक शब्द चुकला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘सारांश काय, तर निरू, मी समजत होतो त्यापेक्षा तू एका वर्षाने म्हातारी आहेस.’ सगळं मंडळ हसलं. शाल घातली. नीट घातली, दोन्ही खांद्यांवर. मला ओवाळलं, तेव्हा त्या दिव्यांच्या उजेडात माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बरे झाले हे. खरंच वाटलं गं तसं.”

दूधवाल्याची घंटी वाजली, तरी त्या उठल्या नाहीत.

“मग आम्ही पायऱ्या उतरत होतो. मी हात धरला होता. मला विचारतात, ‘बाई, कार्यक्रम छान झाला. सत्कार कुणाचा होता?’”

एवढं सांगून त्यांनी फडक्याची घडी घातली, तिच्यावर पुन्हा घडी घातली आणि उठून दूध घ्यायला गेल्या.

त्यानंतर दिवाळी आली आणि गेली. वसंतराव आता फारसं बोलत नाहीत. आधी नावं गेली, मग शब्द गेले. सकाळी त्यांना झोपाळ्यावर बसवतात, पाठीशी लोड देतात. समोरचा माणूस बोलला की ते त्याच्याकडे बघत राहतात. आवाज ऐकतात, एवढं नक्की.

इराने मला ड्रॉवरमध्ये परत ठेवलं नाही. पण ती आता माझ्याशी बोलतही नाही. कामात अडलं की ती संगणक मांडीवर घेऊन आजोबांच्या झोपाळ्याशेजारी वेताच्या मोड्यावर बसते आणि त्यांना सांगते. “आजोबा, ऐका. ही फेरी इथून सुरू होते.” तिचं मराठी आता बरंच सुधारलंय. प्रत्येक ओळीनंतर ती थोडी थांबते. कधीतरी ते म्हणतील, “थांब, हे कसं?”, अशी तिला अजून आशा आहे. ते म्हणत नाहीत. चूक बहुतेक तिची तिलाच सापडते. सापडली की ती म्हणते, “थँक्यू, आजोबा,” आणि त्यांच्या अंगावरची शाल सारखी करते.

माझी जागा त्यांनी घेतली, मित्रांनो. या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही, तरी ते त्यांच्या वाट्याला यावं असं मला कधीही वाटलं नसतं. मी लाकडाची आहे, मी गप्प बसायलाच जन्मले. ते तसे नव्हते.

म्हणून माझं एवढं एक ऐका. तुमच्या घरातलं वडीलधारं माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगायला लागलं, तर “हे सांगून झालंय तुमचं” म्हणून उठू नका. बसा. शेवटपर्यंत ऐका. मागच्या वेळी जी ओळ होती, ती या वेळी आहे का, तिकडे लक्ष द्या. गळाली असेल तर हसू नका, घाबरू नका. हळूच ती ओळ तुम्ही म्हणा, आणि त्यांना पुढे जाऊ द्या. वसंतरावांनी ‘वगैरे’ म्हटलं त्या दुपारी मी हातभर अंतरावर होते. ती ओळ मला येत होती. पण माझं तोंड रंगवलेलं आहे. तुमचं तसं नाही.